पोको एफ१ वर पोस्टमार्केटओएस: आईसाठी फोन, कामाच्या नोंदी

६ जुलै २०२४, शनिवार

फोन पोको एफ१. सहा जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. ऑगस्ट २०१८ मध्ये हा २०,९९९ रुपयांना आला तेव्हा त्या किमतीत स्नॅपड्रॅगन ८४५ मिळणं ही बातमी होती. अधिकृत अपडेट अँड्रॉइड १० वर संपली. चिप मात्र आजही कुठे कमी पडत नाही.

काम काय ते आधी नक्की केलं, नाहीतर असले उद्योग संपत नाहीत. फोन आईने वापरायचा. तिच्या मागण्या तिच्याच शब्दांत: “फोन लागला पाहिजे, मेसेज मराठीत लिहिता आला पाहिजे, आणि सारखी तुला हाक मारावी लागता कामा नये.”

फोनबरोबर आलेल्या प्रणालीच्या जागी काय टाकायचं, याचे पर्याय तीन होते. लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडच्या मुक्त भागावर बांधलेली आवृत्ती, या फोनवर अधिकृतपणे चालतं, कॅमेऱ्यासकट सगळं चालतं. जुन्या फोनचं आयुष्य वाढवणं एवढाच हेतू असेल तर तेच टाका, पुढच्या नोंदी वाचायची गरज नाही. दुसरा उबंटू टच, म्हणजे उबंटू लिनक्सची फोनसाठीची आवृत्ती. उबंटूच्या कंपनीने, कॅनॉनिकलने, २०१७ मध्ये ते सोडलं, तेव्हापासून यूबीपोर्ट्स या गटाची मंडळी सांभाळतात, आणि या फोनसाठी पोर्टही (जुळवून घेतलेली आवृत्ती) आहे. पण खाली कर्नल (प्रणालीचा गाभा) फोनबरोबर आलेलाच, ४.९, आणि हार्डवेअरशी बोलणं हॅलियम या मधल्या थरामार्फत अँड्रॉइडच्याच ड्रायव्हरांतून. तिसरा पोस्टमार्केटओएस: अल्पाइन लिनक्सवर उभा, २०१७ पासून चालू, आणि या चिपवर कर्नल लिनक्सच्या मुख्य प्रवाहाच्या जवळचा, ६ च्या मालिकेतला. म्हणजे लिनक्सला जे नवं मिळेल ते या फोनलाही मिळत राहील. किंमत अशी की ज्या भागाचा ड्रायव्हर कोणी लिहिला नाही, तो भाग मेलेला. मी तिसरा घेतला.

शेजारच्या काकांनी भारओएस या भारतीय फोन-प्रणालीचं विचारलं. आयआयटी मद्रासमधून जानेवारी २०२३ मध्ये त्याचा बराच गाजावाजा झाला होता. तेही अँड्रॉइडच्या मुक्त भागावरच बांधलेलं आहे, आणि आपण घरी टाकावी अशी इमेज, म्हणजे प्रणालीची तयार फाईल, मिळत नाही. विषय संपला.

आज एवढंच केलं: फोनमध्ये सिम घालून कंपनीचं खातं जोडलं आणि बूटलोडर (फोन चालू होताना कोणती प्रणाली उठवायची ते ठरवणारा भाग) उघडायची विनंती टाकली. कंपनीचं टूल म्हणतं १६८ तास थांबा. खातं मध्येच काढून पुन्हा जोडू नका, घड्याळ परत शून्यावर जातं.

१३ जुलै, शनिवार

बूटलोडर उघडला. टूल फक्त विंडोजवर चालतं, म्हणून ऑफिसातल्या एकाचा लॅपटॉप आणला होता. उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, ते माहीतच होतं.

पुढचं काम माझ्या डेस्कटॉपवर. तिथे फास्टबूट, म्हणजे केबलवरून फोनमध्ये प्रणाली लिहायची सोय, अडकलं. फोन यादीत दिसतो, आज्ञा दिली की “पाठवतोय” म्हणून तिथेच बसतो. केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसरं काही सुचेना म्हणून कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की या फोनचं फास्टबूट माझ्यासारख्या रायझन प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवरच्या यूएसबी ३ पोर्टांशी नीट जमवून घेत नाही, हे जुनं दुखणं आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे मध्ये साधा यूएसबी २ चा हब. घरात असला हब नाही. एके काळी तीन होते.

१५ जुलै, सोमवार

ऑफिसातून सुटल्यावर अप्पा बळवंत चौकात उतरून तापकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. हब २२० रुपये. बॅटरीही बदलून घेतली, कारण मागचं झाकण एका बाजूने किंचित उचललेलं दिसत होतं. फुगलेल्या बॅटरीच्या फोनवर रात्रभर प्रयोग करू नयेत. बॅटरीचा नंबर बीएम४ई, ७५० रुपये, बसवायचे १५० वेगळे.

दुकानदाराने झाकण उघडल्यावर विचारलं, “साहेब, डिस्प्ले बदललाय का आधी?”

“हो, दोन-तीन वर्षं झाली. का?”

“काही नाही. गोंद आपल्याकडचा नाही वाटत.”

तेव्हा मी हसून सोडून दिलं. पुढची नोंद वाचा.

२० जुलै, शनिवार

हब मध्ये घातला आणि फास्टबूट पहिल्या फटक्यात चाललं.

काही पुसण्याआधी बॅकअप. रिकव्हरी (दुरुस्तीसाठी वेगळी उठणारी छोटी प्रणाली) म्हणून टीडब्ल्यूआरपी तात्पुरती चालू करून ईएफएस आणि पर्सिस्ट ही दोन विभाजनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि रेडिओचं कॅलिब्रेशन यांत असतं. हे गेलं तर फोन नेटवर्कला ओळख देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या फोनचं आणून बसवता येत नाही. फायली पेनड्राइव्हवरही ठेवल्या. मूळ अँड्रॉइडवर परत जायची वेळ आली तर कंपनीच्या फ्लॅश टूलमध्ये खाली “सगळं पुसा आणि लॉक करा” हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो, तो बदलायला विसरू नका. नाहीतर बूटलोडर पुन्हा बंद आणि १६८ तास पुन्हा सुरू.

मग मुख्य काम. पोस्टमार्केटओएसच्या २४.०६ आवृत्तीची फॉशवाली तयार इमेज घेतली (फॉश म्हणजे पडद्यावर दिसणारा दर्शनी भाग). पोको एफ१ साठी इमेज दोन असतात, कारण हा फोन दोन वेगवेगळ्या पडद्यांनी विकला गेला: टियान्मा आणि ईबीबीजी. बाहेरून फरक कळत नाही. पडद्याचा कंट्रोलर वेगळा, ड्रायव्हर वेगळा. माझ्याकडे २०१९ मधली टिपण होती, “पॅनल टियान्मा”. तीच इमेज घेतली. डीटीबीओ विभाजन पुसलं (ते तसंच राहिलं तर जुन्या कर्नलचे हार्डवेअर-तक्ते नव्यावर चढतात आणि फोन उठत नाही), बूट इमेज बूटवर, मुख्य इमेज यूजरडेटावर, आणि रीबूट.

पडदा काळा. एक थरथर झाली आणि पुढे काही नाही.

इथे घाईने पुन्हा फ्लॅश करत बसू नका. यूएसबी केबल लावून ठेवा. पोस्टमार्केटओएस उठलं की केबलवरच नेटवर्क उभं करतं आणि फोनचा पत्ता असतो १७२.१६.४२.१. कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला पिंग केलं, उत्तर आलं. एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरलो. फोन धडधाकट चालू होता, वायफायसुद्धा शोधत होता, फक्त तोंड दाखवत नव्हता. म्हणजे दोष पडद्याच्या ड्रायव्हरचा, आणि तेव्हा दुकानदाराचा गोंद आठवला. टिपण खरी होती, पण ती ज्या पडद्याची होती तो पडदा केव्हाच कचऱ्यात गेला होता.

खात्री अशी करायची: रिकव्हरीत जाऊन कर्नलला बूटलोडरने दिलेली ओळ, म्हणजे प्रॉकमधली सीएमडीलाइन ही फाईल, वाचायची. तिच्यात पडद्याचं नाव असतं. एनटी३६६७२ए दिसलं तर टियान्मा, एफटी८७१९ दिसलं तर ईबीबीजी. माझ्याकडे एफटी८७१९ निघालं. सेकंडहँड फोनवर हे काम करणाऱ्याने जुन्या बिलावर किंवा खोक्यावर जाऊ नये, फोनलाच विचारावं.

ईबीबीजीची इमेज टाकली. लॉकस्क्रीन आली, स्पर्श चालला, ॲड्रीनो ६३० या ग्राफिक्स भागाचा मुक्त ड्रायव्हर असल्यामुळे सरकवणंही गुळगुळीत. तयार इमेजचा पासवर्ड १४७१४७ असतो आणि तो सगळ्या जगाला माहीत आहे. बाकी काही करण्याआधी तो बदला.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे कर्वेनगरला फक्त वीज नव्हती, त्यामुळे बॅटरीची परीक्षा आपोआप झाली. स्वयंचलित झोप चालू ठेवली तर फोन बराच टिकतो, पण झोपेतून कधीकधी उशिरा उठतो. ती बंद केली तर सकाळी शंभरवर असलेला फोन रात्री जेवणापर्यंत चार्जर मागतो. बॅटरी नवी असून ही गत. आईच्या फोनला झोप बंदच ठेवणार. चार्जर लावणं तिला जमतं, पण भावाचा चुकलेला फोन चालत नाही.

२८ जुलै, रविवार

कॉल. या सगळ्या प्रकारात खरा डोंगर हाच, आणि तो लिनक्सचा कमी, आपल्याकडच्या नेटवर्कचा जास्त.

आईचं सिम जिओचं. घातलं, एपीएन (नेटच्या जोडणीचं नाव) जिओनेट, नेट लगेच चाललं. कॉल लावला: लगेच तुटला. बाहेरून लावला: वाजलाच नाही. कारण सरळ आहे. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जीवर, त्याला २जी-३जी कधी नव्हतंच. कॉल म्हणजे व्होल्टी, ४जीवरूनच जाणारा कॉल, दुसरी वाटच नाही. आणि या फोनवर व्होल्टीची जुळणी अँड्रॉइडमधल्या बंद सॉफ्टवेअरने केलेली होती. ते आपण पुसलं. मोडेम आहे, नेट आहे, कॉल नाही.

माझं एअरटेलचं सिम घातलं. कॉल लावल्यावर वरचं ४जीचं चिन्ह गेलं, फोन २जीवर उतरला, चार-पाच सेकंद शांतता, मग रिंग. एअरटेलने ३जी बंद केलं असलं तरी २जी ठेवलेलं आहे. कॉल संपला की फोन आपोआप ४जीवर परत येतो. मध्ये नेट बंद. मोडेम मॅनेजर या प्रोग्रामला “२जी आणि ४जी दोन्ही चालतील” असं सांगितलेलं असावं लागतं, नुसतं ४जी ठेवलं तर जिओसारखीच गत.

रिंग वाजली, समोरच्याने उचललं, आणि आवाज नाही. ना इकडून, ना तिकडून. ध्वनीचं प्रोफाइल “हायफाय”वरच अडकून राहत होतं, कॉलच्या वेळी ते “व्हॉइस कॉल”वर जायला हवं. ते हाताने बदललं की आवाज यायचा, म्हणजे खाली सगळं ठीक होतं. अपडेट करून फोन पूर्ण बंद-चालू केल्यावर आपोआप बदलायला लागलं. नेमकं कशाने सुधारलं ते मी सांगू शकत नाही, पण तेव्हापासून बिघडलं नाही. समोरच्याला स्वतःचा आवाज थोडा परत ऐकू येतो. स्पीकरचा आवाज मध्यम ठेवला तर कमी होतं.

आईला म्हटलं, जिओवरून एअरटेलवर जावं लागेल. “नंबर?” तोच राहील. “मग जा.” १९०० ला मेसेज, कोड, दुकानात आधार आणि अंगठा. याच महिन्यात सगळ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, त्यामुळे १७९ चा रिचार्ज १९९ ला झाला.

११ ऑगस्ट, रविवार

मराठी. या कामाला मी एक दुपार धरली होती.

पहिली अडचण दिसण्याची. इमेजमध्ये देवनागरी फाँट नाही, सगळीकडे चौकोन. अल्पाइनच्या भांडारातून नोटो देवनागरीचं पॅकेज घेतलं, जोडाक्षरं सुरेख जुळली. पण ल आणि श हिंदी वळणाचे. आईने पहिल्याच मेसेजला विचारलं, “हे असं का दिसतंय?” फाँटात मराठी वळण आहे, फक्त मजकूर मराठी आहे हे प्रणालीला सांगावं लागतं. भाषेची सेटिंग मराठी-भारत अशी करणारी एक ओळीची फाईल प्रोफाइलच्या फोल्डरात ठेवली, पुन्हा लॉगिन, आणि ल सुधारला. सोबत भाषांतरांचं पॅकेजही आलं, त्यामुळे मेनू अर्धे मराठी झाले. हे मेनू ज्या गनोम प्रकल्पाचे, त्याच्या मराठी अनुवादाचं बरंच काम पुण्यातच, रेड हॅटमधल्या लोकांनी केलेलं आहे. जुने भाग मराठीत, नंतर आलेले भाग इंग्रजीत, असा थर स्पष्ट दिसतो.

दुसरी अडचण लिहिण्याची. फॉशबरोबरचा कळफलक म्हणजे स्क्वीकबोर्ड. त्याची मांडणी यामल नावाच्या साध्या मजकूर-फाईलमध्ये असते: ओळी लिहायच्या, अक्षरांमध्ये जागा सोडायची, फाईल घरच्या फोल्डरात ठरलेल्या जागी ठेवायची. मी इनस्क्रिप्ट घेतलं. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये मान्य केलेली ती मांडणी, सी-डॅकच्या जिस्ट या गटाने कॉम्प्युटरांवर रुजवली. आई शाळेत क्लार्क होती, तिने निवृत्तीआधी कॉम्प्युटरवर हीच वापरली आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, बोटांना माहीत.

फसलं ते असं. इनस्क्रिप्टच्या वरच्या ओळीत इतक्या कळा आहेत की सहा इंची पडद्यावर एकेक कळ काडीएवढी झाली. आईचं बोट प वर पडायचं आणि उमटायचं ब. मग टाइपरायटरची मर्यादा फोनवर कशाला पाळायची, असं म्हणून ओळी मोडल्या: चारच्या पाच ओळी केल्या, कमी लागणारी अक्षरं शिफ्टखाली ढकलली. कळफलकाने अर्धा पडदा खाल्ला, पण बोट बरोबर पडू लागलं.

शिफ्टखाली काय ढकलायचं यावर खरा वेळ गेला. तयार देवनागरी मांडण्या बहुतेक हिंदीच्या अंगाने केलेल्या असतात. त्यांत ळ कोपऱ्यात आणि ऱ बहुधा नाहीच. ऱ नसेल तर “दुसऱ्या” आणि “तऱ्हा” लिहिता येत नाही, साधा र वापरला की रफार उडून वर जातो. ॲ चंही तसंच. “बॅग” जमते, “ॲप” अडतं. मी ळ शिफ्टशिवायच्या थरात, मोठ्या कळेवर घेतला. ऱ, ॲ, ऑ शिफ्टवर पहिल्या ओळीत. ङ आणि ञ शेवटी काढूनच टाकले, आईने वर्षभरात कधी वापरले असतील असं वाटत नाही.

मात्रांच्या कळांवर नुसती मात्रा लिहिली तर ती शेजारच्या कळेवर लोंबते किंवा दिसतच नाही. प्रत्येक मात्रेला वेगळं लेबल द्यावं लागतं, आणि लेबलात ठिपक्यांच्या वर्तुळासह मात्रा. एका ठिकाणी अवतरणचिन्ह विसरलं की अख्खी फाईल नाकारली जाते आणि कळफलक गुपचूप इंग्रजीवर परततो, काही बोलत नाही. टर्मिनलमधून चालवून बघितलं तरच चुकीची ओळ सांगतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. आईने मावशीला लांबलचक मेसेज लिहिला. तक्रार एकच: पूर्णविराम सापडत नाही. हलवला.

२४ ऑगस्ट, शनिवार

वेड्रॉइड. अँड्रॉइडची ॲप वापरता यावीत म्हणून लिनक्सच्या आत कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, चालणारं लिनिएज. बसवणं सोपं, पण आत नेट येईना. पोस्टमार्केटओएसची फायरवॉल वेड्रॉइडच्या आतल्या नेटवर्कला अडवते. तिच्यासाठी नियमांचं वेगळं छोटं पॅकेज आहे, ते टाकल्यावर आलं. वर्तमानपत्राचं ॲप चाललं, पंचांगाचं चाललं.

बँकेचं ॲप चाललं नाही. कोणत्या बँकेचं हे महत्त्वाचं नाही, कुठलंही चालणं कठीणच. यूपीआयची नोंदणी करताना ॲप त्याच फोनच्या सिमवरून मेसेज पाठवून खात्री करतं, आणि वेड्रॉइडला सिम दिसतच नाही. शिवाय फोन “अधिकृत” अँड्रॉइड आहे का हेही तपासलं जातं, आणि हा नाही. यावर वाटा सुचवणारे लोक भेटतील. आईच्या पेन्शनच्या खात्यावर मी असले प्रयोग करणार नाही.

नेटशिवाय बँकेचं काम करायला असलेलं *९९# करून बघितलं. फॉशचं कॉलचं ॲप यूएसएसडी (असे कोड आणि त्यांचे मेनू) दाखवतं, मेनू आला, शिल्लक दिसली. एका वेळी ५,००० पर्यंत पाठवता येतात. पण उत्तर द्यायला जरा वेळ लागला की सत्र तुटतं आणि पहिल्यापासून सुरुवात. आई म्हणाली, “एवढ्यात मी घरी जाऊन पैसे घेऊन येईन.” ती भाजी रोखीनेच घेते, म्हणून तिचं अडलं नाही. रोज यूपीआयवर जगणाऱ्याने मात्र हे एकुलता एक फोन म्हणून घेऊ नये. हे वाक्य मी पहिल्या नोंदीत लिहायला हवं होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. दुपारी नातेवाइकांचे मेसेज: फोटो पाठवा. कॅमेरा या फोनवर चालत नाही, मागचाही नाही, पुढचाही नाही. आईला हे मी सांगितलं होतं. तिने ऐकलं होतं असं आता ती म्हणत नाही. फोटो माझ्या फोनने काढून तिच्याकडे पाठवले, तिने पुढे धाडले.

२२ सप्टेंबर, रविवार

खर्च: हब २२०, बॅटरी ७५०, मजुरी १५०. एकूण १,१२० रुपये, रिचार्ज वेगळा.

सद्यस्थिती. कॉल एअरटेलवर येतात-जातात, एसएमएस येतात. मराठी कळफलक रोज वापरात आहे. वायफाय, ब्लूटूथ ठीक. जीपीएस उघड्यावर बऱ्याच वेळाने लागतो, पेठांच्या गल्ल्यांत जवळजवळ नाही. ऑरगॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवलाय, आईने तो अजून उघडलेला नाही. अपडेट मी रविवारी केबल लावून हाताने करतो, स्वयंचलित ठेवलेली नाहीत.

पुढच्यांसाठी: पोको एफ१ हल्ली जुन्या बाजारात मिळतो. घ्यायचा तर पैसे देण्याआधी पॉवर आणि आवाज कमीचं बटण दाबून फोन फास्टबूटमध्ये जातो का बघा, विकणाऱ्याने स्वतःचं खातं काढलंय का बघा (नसेल तर बूटलोडर उघडणार नाही), आणि मागचं झाकण बोटाने दाबून बघा. कळफलकाची यामल फाईल मी मूळ प्रकल्पाकडे पाठवायच्या तयारीत आहे. ङ आणि ञ परत आणावे लागतील, कारण तिथे पाहणारे विचारतील.